देवाची जमीन, सरकारची वही

जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यातल्या हसनाबादचे नाव मुसलमानी अमदानीतले आहे. हसन हे माणसाचे नाव, आबाद म्हणजे वसलेले. शेजारच्या जाफराबादची घडणही तीच. त्याच तालुक्यात राजूरचा गणपती आहे आणि अंगारकीला तिथे पाय ठेवायला जागा उरत नाही. १९४८पर्यंत हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात, औरंगाबाद जिल्ह्यात होता. जालना जिल्हा वेगळा झाला १ मे १९८१ रोजी. राज्याचे धर्माशी नाते काय असावे, या प्रश्नाचे उत्तर अशा गावांत फार पूर्वीपासून महसुली दप्तरात लिहिलेले सापडते, कारण देवाच्या नावाने जमीन होती आणि जमिनीची वही सरकारच्या हातात होती.

मराठवाड्याच्या तहसिलीत दोन शब्द अजून रोजच्या वापरात आहेत: मदतमाश आणि खिदमतमाश. मदतमाश म्हणजे कुणाच्या पोटापाण्यासाठी दिलेले इनाम. खिदमतमाशाला मात्र सेवेची अट असते. देवळात दिवाबत्ती, मशिदीत झाडलोट आणि अजान, दर्ग्याचा उरूस, जत्रेची व्यवस्था, असे काहीतरी काम करावे आणि त्या बदल्यात जमीन कसून खावी. सेवा थांबली तर हक्क गेला. वारसाला हक्क आपोआप मिळत नसे. चौकशी होऊन 'मुंतखब' नावाचा दाखला निघाला, तरच मिळे. खिदमत देवळाची असो वा दर्ग्याची, नियम एकच होता.

या सगळ्याची देखरेख 'उमूर-ए-मजहबी', म्हणजे धार्मिक बाबींचे खाते करीत असे. १३४९ फसली साली, इंग्रजी हिशेबाने १९३९-४०मध्ये, देणग्यांविषयीचे नियम झाले आणि सर्व धर्मांच्या धर्मादाय मिळकतींची नोंद सक्तीची झाली. राज्याचा हात इतर धर्मांपर्यंतही पोहोचत असे. एकोणिसाव्या शतकात रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी जालन्याजवळ बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवले, ते निजामाचे दिवाण सालारजंग यांच्या कारभारात मिळालेल्या जमिनीवर.  

पण देणारे राज्य रोखतेही. नवे देऊळ बांधायचे वा जुन्याची डागडुजी करायची, तर सरकारी परवानगी लागे. सभेला परवानगी, मिरवणुकीला परवानगी. बहुसंख्य प्रजा हिंदू आणि सत्तेच्या जागा मुख्यतः मुसलमान उमरावांकडे, अशा राज्यात या परवानग्यांचा अर्थ निव्वळ प्रशासकीय राहणे शक्य नव्हते. १९३८-३९च्या आर्य समाजाच्या सत्याग्रहाची प्रमुख मागणी धर्माचरणाच्या मोकळिकीची होती, तर हैदराबाद स्टेट काँग्रेसची जबाबदार राज्यपद्धतीची. दोन्ही लढे एकाच वेळी उभे राहिले आणि लोकांच्या मनात ते पुष्कळदा एकच होऊन गेले. पुढच्या बऱ्याच गैरसमजांची मुळे या सरमिसळीत आहेत.

राज्य आणि धर्म यांच्या नात्याचा हाच प्रश्न अमेरिकेनेही जमिनीच्या अंगाने सोडवला, हे सहसा सांगितले जात नाही. व्हर्जिनिया वसाहतीत इंग्लंडचे चर्च सरकारी होते. प्रत्येक धर्मग्रामाच्या (पॅरिशच्या) पाद्र्याला उपजीविकेसाठी जमीन असे. आपल्याकडच्या खिदमतमाशाशी तिचे साम्य सहज दिसते. जेफर्सनने लिहिलेला आणि मॅडिसनने मंजूर करून घेतलेला धर्मस्वातंत्र्याचा कायदा १७८६मध्ये झाला. १८०२च्या कायद्याने तर पाद्री नसलेल्या रिकाम्या जमिनी विकून पैसा गोरगरिबांकडे वळवण्याची सोय केली. सरकारने वही नुसती मिटली नाही, तिच्यातली पाने फाडली. तरी १७९१च्या पहिल्या घटनादुरुस्तीने बांधले ते फक्त केंद्राला. मॅसॅच्युसेट्समध्ये चर्चचा सरकारी दर्जा १८३३पर्यंत टिकला.

हैदराबादचे स्थित्यंतर इतके संथ नव्हते. १३ सप्टेंबर १९४८ला भारतीय फौजा शिरल्या आणि १७ला निजामाने शरणागती पत्करली. आधीच्या महिन्यांत निजामाच्या बाजूच्या रझाकारांचा जुलूम आणि नंतरच्या आठवड्यांत मुसलमानांवरचा सूड, असे दोन्ही या मुक्तिलढ्याच्या पोटात आहे. केंद्र सरकारने नेमलेल्या सुंदरलाल समितीने सुडाच्या त्या काळातील मृतांचा अंदाज किमान २७ ते ४० हजार असा दिला. सर्वांत जास्त झळ उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेडला बसली होती. मराठवाडा मुक्तिदिनाच्या भाषणांत पहिला भाग हमखास येतो, दुसरा क्वचितच.

राज्यघटनेत धर्माचा प्रश्न शब्दांच्या पातळीवर आला तो घटना समितीत, १७ ऑक्टोबर १९४९ रोजी. मध्यप्रांत-वऱ्हाडातून निवडून आलेले ह. वि. कामत यांनी उद्देशिकेची सुरुवात ईश्वराच्या नावाने व्हावी, अशी दुरुस्ती मांडली. हृदयनाथ कुंझरू यांनी विरोध केला; उद्देशिकेत श्रद्धेचे स्वातंत्र्य देऊन वर एक श्रद्धा सर्वांवर लादणे विसंगत होते. मतदानात बाजूने ४१, विरोधात ६८ मते पडली. अमेरिकेच्या घटनेतही ईश्वराचे आवाहन नाही. मात्र १९५६मध्ये, शीतयुद्धाच्या भरात, ईश्वरावरील विश्वासाचे वचन तिथे राष्ट्रीय ब्रीद ठरले. भारतात 'धर्मनिरपेक्ष' हा शब्द उद्देशिकेत आला तो १९७६च्या ४२व्या दुरुस्तीने.

अमेरिकेसारखी पाने फाडणे मात्र भारताला जमण्यासारखे नव्हते. त्याला सबळ कारणही होते: अस्पृश्यता संपवायची आणि देवळांची दारे सर्व हिंदूंना उघडायची, तर राज्याला धर्माच्या आवारात पाऊल टाकावेच लागणार. अनुच्छेद १७ आणि २५ यांत ते स्पष्टच आहे. जमिनीच्या बाबतीत मध्यम मार्ग निघाला. अतियात म्हणजे सरकारी देणग्या; त्यांच्या चौकशीचा हैदराबाद कायदा १९५२चा. त्यानंतरच्या इनाम निर्मूलन कायद्याने सर्वसाधारण इनामे गेली, पण धार्मिक व धर्मादाय संस्थांची इनामे वगळली. मशिदी-दर्ग्यांच्या मिळकती १९५४च्या कायद्याखाली वक्फ मंडळाकडे आणि देवस्थाने मुंबई सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडे गेली. निजामाच्या राज्यात एका खात्याखाली असलेल्या जमिनी प्रजासत्ताकात धर्मवार दोन कार्यालयांत वाटल्या गेल्या, हा यातला विचित्र भाग.

आज अशा जमिनीचा सातबारा काढला, तर भोगवटादाराच्या रकान्यात देवस्थानाचे किंवा दर्ग्याचे नाव दिसते आणि शेजारी 'खिदमतमाश' असा शेरा. शेजारच्या शेतकऱ्याला त्याची जमीन तारण ठेवून कर्ज मिळते, या कसणाऱ्याला मिळत नाही. जमीन विकणे तर दूरच. देवळाचा पुजारी आणि दर्ग्याचा मुतवल्ली, दोघांची तक्रार इथे एकच असते. ६ सप्टेंबर २०२१च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने देवस्थानच्या जमिनीचा मालक देव, पुजारी केवळ व्यवस्थापक, असे स्पष्ट केले. जुने कागद उर्दूत, वाचणारे थोडे. त्यामुळे वाद कित्येकदा एका शब्दाच्या वाचनावर अडतो: मदत की खिदमत? पहिला शब्द असेल तर जमीन घराण्याची, दुसरा असेल तर संस्थेची.

एप्रिल २०२५मध्ये वक्फ सुधारणा कायदा लागू झाला. निव्वळ दीर्घ वापरावरून मिळकत वक्फ मानण्याची तरतूद पुढील काळासाठी रद्द झाली, वक्फ मंडळांवर मुस्लिमेतर सदस्य आले, सरकारी मालकीच्या वादात अधिकाऱ्याचे अधिकार वाढले. समर्थकांना यात पारदर्शकता दिसली, विरोधकांना अनुच्छेद २६ने दिलेल्या स्वायत्ततेवर घाला. १५ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने काही तरतुदींना अंतरिम स्थगिती दिली, संपूर्ण कायद्याला दिली नाही. अमेरिकेत जून २०२४मध्ये लुइझियाना राज्याने सरकारी शाळांच्या वर्गांत दहा आज्ञा लावण्याचा कायदा केला आणि तोही लगेच न्यायालयात गेला. तिथे वाद वर्गातल्या भिंतीचा, इथे सातबाऱ्यावरच्या शेऱ्याचा.