भारतातील डिजिटल माध्यमांचा वापर आणि सामाजिक-आर्थिक स्तर : एक ऐतिहासिक आढावा (१९९५ ते २०२१)

प्रस्तावना

नवे तंत्रज्ञान प्रथम सधन वर्गाच्या हाती येते व कालांतराने सर्वांपर्यंत झिरपते, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. भारतातील अनुभव या गृहीतकाला पूर्णतः दुजोरा देत नाही. माध्यमाचा प्रसार होत असताना विषमतेचे स्वरूपही बदलत गेले. प्रस्तुत लेखात या बदलाचा कालक्रमाने आढावा घेतला आहे.

संगणकाचा टप्पा

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली. संगणक, दूरध्वनी जोडणी आणि इंग्रजीचे ज्ञान असलेला शहरी वर्गच प्रामुख्याने तिचा ग्राहक होता. पुढे सायबर कॅफेमुळे घरी संगणक नसलेल्या शहरी तरुणांनाही ती उपलब्ध झाली. तरीही २०११ च्या जनगणनेनुसार इंटरनेटसह संगणक असलेली कुटुंबे शहरी भागात ८.३ टक्के, तर ग्रामीण भागात केवळ ०.७ टक्के होती.

या संदर्भात वारणा परिसराचे उदाहरण उद्बोधक आहे. १९९८ साली तेथील सुमारे ७० गावांत सहकारी साखर कारखान्याच्या आधाराने संगणक केंद्रांचा प्रकल्प हाती घेण्यात आला. शेती, शिक्षण व आरोग्यविषयक माहिती पुरविणे हा त्याचा व्यापक हेतू होता. प्रत्यक्षात मात्र उसाची नोंद, वजन व देयक यांसाठीच या केंद्रांचा मुख्यतः वापर झाला. पुढे काही गावांत हीच माहिती भ्रमणध्वनीवरील लघुसंदेशाद्वारे देण्याचा प्रयोगही झाला. माध्यमाचा उपयोग योजनाकारांच्या हेतूपेक्षा वापरणाऱ्यांच्या गरजेवरून ठरतो, हे यातून दिसते. ज्याच्या नावावर ऊस नाही अशा शेतमजुराला मात्र या केंद्राकडे वळण्याचे फारसे कारण नव्हते.

भ्रमणध्वनीचा टप्पा

२००३ पासून येणाऱ्या कॉलवरील आकारणी बंद झाल्याने भ्रमणध्वनी अल्प उत्पन्न गटांच्या आवाक्यात आला. सप्टेंबर २०१६ मध्ये रिलायन्स जिओची सेवा सुरू झाल्यावर इंटरनेटचा दरही झपाट्याने उतरला. यामुळे ग्रामीण-शहरी अंतर कमी होऊ लागले. परंतु कुटुंबांतर्गत अंतर ठळक झाले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) इंटरनेटचा कधीतरी वापर केलेले पुरुष ५७.१ टक्के, तर स्त्रिया ३३.३ टक्के होत्या. शहरी पुरुषांत हे प्रमाण ७२.५ टक्के, तर ग्रामीण स्त्रियांत २४.६ टक्के होते. घरात भ्रमणध्वनी असणे आणि तो स्वतःला वापरता येणे, या दोन भिन्न बाबी आहेत.

या भेदाचे गांभीर्य कोविड काळात स्पष्ट झाले. १ मे २०२१ पासून १८ ते ४४ वयोगटाच्या लसीकरणासाठी ऑनलाइन नोंदणी अनिवार्य करण्यात आली. सर्वोच्च न्यायालयाने ३१ मे २०२१ च्या आदेशात डिजिटल दरीचा मुद्दा उपस्थित केला. त्याच सुमारास केंद्रावर नोंदणीची सोय खुली होऊ लागली.

निष्कर्ष

संगणकाच्या काळात साधनाची मालकी हा विषमतेचा मुख्य निकष होता. भ्रमणध्वनीच्या काळात लिंग, शिक्षण व स्वतंत्र वापराची मुभा हे निकष पुढे आले. म्हणून केवळ जोडण्यांच्या संख्येवरून डिजिटल समतेचे मोजमाप करणे अपुरे ठरते. शासकीय सेवा किंवा महाविद्यालयीन प्रवेश ऑनलाइन करताना प्रत्यक्ष अर्जाचा पर्याय कायम ठेवणे, हा या इतिहासाचा व्यावहारिक बोध होय.