‘परम’ महासंगणक आणि युनिक्स प्रणालींची स्थित्यंतरे : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

दापोडी-पिंपरीच्या औद्योगिक पट्ट्यापासून काही किलोमीटर अंतरावर, गणेशखिंड येथील पुणे विद्यापीठाच्या आवारात सी-डॅक या संस्थेचे कार्य दीर्घकाळ चालले. १९८८ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेने डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हा महासंगणक सिद्ध केला. पुढील ‘परम’ यंत्रांमध्ये वेगाबरोबर कार्यकारी प्रणालीही बदलत गेली. या बदलांत जुन्या आज्ञावलींपुढे कोणत्या अडचणी उभ्या राहतात, याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

स्थित्यंतराचे टप्पे

‘परम ८०००’ ट्रान्सप्युटर प्रक्रियकांवर आधारित होता. १९९८ च्या ‘परम १००००’ मध्ये सन कंपनीचे स्पार्क प्रक्रियक व सोलारिस प्रणाली आली. २००३ मध्ये जगातील ५०० महासंगणकांच्या यादीत स्थान मिळविणाऱ्या ‘परम पद्म’मध्ये आयबीएमचे पॉवर-४ प्रक्रियक व एआयएक्स, तर २००८ च्या ‘परम युवा’मध्ये इंटेल प्रक्रियक व लिनक्स होते. सोलारिस, एआयएक्स व लिनक्स या तिन्ही प्रणाली युनिक्स परंपरेतील. तरीही एकीवर तयार केलेली आज्ञावली दुसरीवर जशीच्या तशी चालत नाही. मूळ संहिता नव्याने संकलित करावी लागते. पॉझिक्स (१९८८) व एमपीआय (१९९४) या लिखित मानकांना धरून रचलेल्या संहितांना हे संक्रमण तुलनेने सुकर ठरते.

अलिखित गृहीतके

खरा धोका मानकांबाहेर असतो. स्पार्क व पॉवर-४ यंत्रांवरील सोलारिस व एआयएक्स संख्येतील सर्वोच्च स्थानाचा बाइट प्रथम साठवत; इंटेल यंत्रात हा क्रम उलटा आहे. त्यामुळे जुन्या यंत्रावरील द्विमान फाइल रूपांतराविना वाचल्यास कधी आज्ञावली थांबते, तर कधी ती सुरळीत चालते आणि उत्तर मात्र चुकते. पहिला बिघाड तत्काळ दिसतो. दुसरा शोधनिबंधात शिरतो.

निष्कर्ष

हा प्रश्न महासंगणकांपुरता मर्यादित नाही. सेंटओएस ८ या लिनक्स प्रणालीचे समर्थन २०२९ ऐवजी २०२१ च्या अखेरीस, तर सेंटओएस ७ चे ३० जून २०२४ रोजी संपले. प्रणाली केव्हा बदलावी, हे नेहमीच वापरकर्त्याच्या हाती नसते. नोंदी ठेवणे मात्र असते. संशोधकाने संहितेसोबत संकलकाची व प्रणालीची आवृत्ती आणि फाइलींचे स्वरूप लिहून ठेवावे. उत्तर ठाऊक असलेले एखादे जुने गणित नव्या प्रणालीवर सोडवून पाहिल्याशिवाय जुनी प्रणाली मोडीत काढू नये.