मोटारीतली खरखर

गेल्या शनिवारी कारचा कंपनीफिटेड स्टिरिओ तसाच ठेवून फक्त स्पीकर बदलले आणि एक सेकंडहॅण्ड अ‍ॅम्प्लिफायर जोडला. बजेटच तेवढं! पण अ‍ॅक्सिलरेटर दिला की कुंऽऽऽ.

तेव्हा आठवला शिकागोचा पॉल गॅल्विन. मंदीत धंदा अडचणीत. १९३० मध्ये त्याने स्वतःच्या स्टुडबेकरमध्ये रेडिओ बसवला, इंजिनच्या ठिणग्यांची खरखर कशीबशी दाबली आणि गाडी हाणली थेट अटलांटिक सिटीच्या रेडिओ अधिवेशनाला. स्टॉल नव्हता, म्हणून बाहेरच गाडी लावून रेडिओ मोठ्ठ्याने लावला. ऑर्डरी आल्या! नाव ठेवलं मोटोरोला. किंमत ११० ते १३० डॉलर. फोर्डची साधी मॉडेल ए तेव्हा ५०० च्या आत मिळायची, बोला आता.

माझी कुंऽऽऽ मात्र अर्थिंगची निघाली. वायर बदलली, खर्च चाळीस रुपये.