घर मागे ठेवून रानात

शाळेची सहल, मिशनच्या मुलांचे शिबिर, स्काउटांचे तंबू हे सगळे साहेबाने आणले, असे मानणारे पुष्कळ आहेत. आपल्याकडे हे सगळे आधीपासूनच होते, असे म्हणणारेही तितकेच. बेळगाव-निपाणीच्या मुलखापुरते बोलायचे तर हे भांडण भलत्याच जागी चालले आहे. रानात जाणे इथे फार जुने आहे. घर मागे ठेवून, नुसत्या बरोबरीच्या पोरांनी, काही हेतू मनात धरून जाणे हे मात्र नवे होते, आणि त्यात मिशनचा वाटा नाकारता येत नाही.

जुने काय होते ते आधी पाहू. कोजागिरीला, म्हणजे इथल्या शिगी पौर्णिमेला, कानडीत ज्याला ‘चरग’ म्हणतात तो नैवेद्य घेऊन शेतकरी शिवारात जातो. पीक उभे असते. भुई गर्भार आहे, तिचे डोहाळे पुरवले पाहिजेत, ही त्यामागची समजूत. कडबू, भाकरी, वांग्याचे भरीत, शेंगापोळ्या बुट्टीत भरायच्या, गाडी जुंपायची, शेताच्या चारी बाजूंना घास टाकायचे आणि मग बांधावर पंगत मांडायची. मार्गशीर्षात सौंदत्तीच्या यल्लम्माला गाड्या निघत, चैत्रात जोतिबाच्या डोंगराकडे लोक चालत जात. कार्तिकात आवळीभोजन असे. या सगळ्यांत मोकळी हवा आहे, चालणे आहे, चुलीवरचे जेवण आहे. पण जाते ते आख्खे घर. आजी गाडीत बसलेली, तान्हे झोळीत, आणि शेजारी कोण जेवायला बसणार हे जातीने आधीच ठरवलेले.

आता मिशनकडे वळू. लंडन मिशनचे जोसेफ टेलर 1820 साली बेळगावला आले आणि 1832 मध्ये तिथे इंग्रजी शाळा निघाली. तीच पुढे बेनन स्मिथ हायस्कूल म्हणून ओळखली गेली. पंतोजीच्या शाळेत लहानथोर पोरे एकाच पडवीत धुळाक्षरे गिरवत. इंग्रजी शाळेने त्यांची इयत्तांत वाटणी केली. माझ्या मते सहलीचा खरा उगम या इयत्तेत आहे, डोंगरात नाही. एका वयाची पोरे वर्षभर एका बाकावर बसली म्हणजे ‘आम्ही’ या शब्दाचा अर्थ बदलतो. मग ती पोरे घराबाहेर पडायला निमित्तच शोधत असतात.

अशा मोकळ्या रानातल्या ‘आम्ही’ची एक गोष्ट तर आपल्या उंबऱ्यापर्यंत आली आहे. 1806 च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या विल्यम्स कॉलेजचे पाच विद्यार्थी माळावर प्रार्थनेला जमले. वळीव कोसळला तसे ते गवताच्या गंजीच्या आडोशाला बसले आणि आशियात धर्मप्रसाराला जाण्याचे बोलू लागले. त्या बोलण्यातून 1810 मध्ये अमेरिकन बोर्ड ही मिशनसंस्था उभी राहिली. त्याच कॉलेजात शिकलेले गॉर्डन हॉल 1813 मध्ये मुंबईला उतरले आणि अमेरिकन मराठी मिशन सुरू झाले. त्या मिशनमधले रॉयल वाइल्डर 1852 साली कोल्हापुरास गेले. निपाणीहून कोल्हापूर जेमतेम चाळीस किलोमीटर. तिथे 1863 मध्ये जन्मलेला त्यांचा मुलगा रॉबर्ट 1886 च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या माउंट हर्मनच्या विद्यार्थी शिबिरात होता. तिथे जमलेल्या अडीचशेच्या आसपास विद्यार्थ्यांपैकी शंभरांनी परदेशी मिशनला जाण्याचा निश्चय केला, आणि तो घडवण्यात या कोल्हापूरच्या पोराचा हात मोठा होता.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: हा सगळा खटाटोप धर्मांतरासाठी होता. होताच, आणि तो झाकायचे कारण नाही. आईबापांना त्याची धास्ती वाटली असेल तर ती वावगी म्हणता येत नाही. पण साचा आणि त्यात ओतलेला माल या दोन गोष्टी निराळ्या. माल नाकारून साचा उचलता येतो, हे पुढे दिसलेच. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. गुराखी पोरे रोज बरोबरीच्यांबरोबर रानात असतच, तालमीतही एका वयाची पोरे घुमत. खरे आहे. पण गुराख्याचे रान हा घरच्याच कामाचा भाग, आणि तालीम गावाची किंवा पेठेची. दोन्हीकडे घराची दोरी तुटत नाही.

ती सैल झालेली दिसते बेळगावजवळच्या बेळगुंदीचे लेखक काकासाहेब कालेलकर यांच्यात. गावाजवळून वाहणाऱ्या मार्कंडीला त्यांनी सखी म्हटले. ही माया कुठल्या मिशनने शिकवली नाही. पण 1912 मध्ये ते हिमालयात पायी गेले ते अनंतबुवा मर्ढेकर आणि स्वामी आनंद यांच्या सोबतीने. यात्रा जुनीच, बरोबरची माणसे मात्र निवडलेली. 1924 च्या डिसेंबरात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली बेळगावला काँग्रेस भरली तेव्हा आज टिळकवाडीत मोडणाऱ्या माळावर तंबूंचे ‘विजयनगर’ उठले, पाण्यासाठी खणलेली विहीर ‘पंपा सरोवर’ झाली आणि हुबळीच्या डॉ. ना. सु. हर्डीकरांच्या हिंदुस्थानी सेवा दलाचे तरुण तिथे राबले. सेवा दल आदल्याच वर्षी स्थापन झालेले. तंबू, शिस्त, प्रतिज्ञा हा साचा ओळखीचा होता. प्रतिज्ञा तेवढी देशाची. 1969 पासून कॉलेजांत आलेल्या राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरे याच वळणावरची आहेत.

मात्र घर इतक्या सहजी मागे राहत नाही. बेळगावची पोरे येळ्ळूरच्या राजहंसगडावर चढतात, सिद्धेश्वराच्या देवळाशी दम खातात आणि डबे उघडतात. निपाणीची पुष्कळ मुले तर कॉलेजसाठी अर्जुननगरला, राज्याची हद्द ओलांडून जातात. हद्दीपलीकडच्या डब्यातही घरची शेंगाचटणी असते. फरक इतकाच, की डबे मध्ये ठेवून सगळेच सगळ्यांतले खातात, आणि कुणाच्या घरचा कुठला ते हात धुवायच्या वेळी शोधावे लागते.