रोमच्या पाण्यातली दोन सेकंदं

28 जुलै 2009, मंगळवार. रोममधल्या फोरो इटालिको संकुलात, जागतिक जलतरण स्पर्धेच्या वेळी, जलतरणपटूंच्या कपडे बदलायच्या खोलीत तुम्ही उभे आहात. शेजारच्या बाकावरचा मुलगा गेली वीस मिनिटं आपल्या कॉश्च्यूमशी झटतोय. सूट सहज सरकावा म्हणून त्यानं पावलांवर प्लॅस्टिकच्या पिशव्या चढवल्यात. काळं आवरण मांडीपर्यंत आलंय. ते तो बोटांच्या पेरांनी जपून वर ओढतो, कारण नख लागलं तर टरकन फाटायचं. दोनच दिवसांपूर्वी अमेरिकेच्या रिकी बेरेन्सनं रिलेच्या हीटमध्ये सूर मारला आणि सूट मागून फाटला. तो तसाच पोहला, शर्यत सोडली नाही.

त्या सूटला हात लावून बघा. वीण कुठंच जाणवत नाही. हे कापड नाहीच, ताणून बसवलेलं पॉलियुरेथेन आहे. खांद्यापासून घोट्यापर्यंत ते अंगावर चढलं की पोट आत जातं, मांड्यांचं मांस हलेनासं होतं. श्वाससुद्धा अर्धाच घेता येतो.

बाहेर ऊन तापलंय, प्रेक्षक शिट्या मारतायत. पण शर्यतीला अजून वेळ आहे, तेवढ्यात नऊ वर्षं मागे जाऊन येऊ.

सप्टेंबर 2000, सिडनी. ऑलिंपिकच्या तलावाकाठी अंगभर सूट घातलेले पोहणारे रांगेनं उभे आहेत. स्पीडो कंपनीच्या या ‘फास्टस्किन’वर बारीक उंचवटे आहेत. शार्कच्या कातडीवर सूक्ष्म दंतिका असतात, त्यांची ही नक्कल आणि त्यानं पाण्याचा अवरोध कमी होतो, असं तुम्हाला सांगितलं जातं. ऐकताना पटतं. पण विश्वास ठेवण्याआधी माझ्याबरोबर 2012 मधल्या हार्वर्ड विद्यापीठात या. जॉर्ज लॉडर यांच्या प्रयोगशाळेत एका टाकीत लवचीक पट्ट्या पोहवल्या जातायत. खऱ्या शार्कच्या कातडीची पट्टी, दंतिका घासून काढलेल्या कातडीपेक्षा सुमारे 12 टक्के जास्त वेगानं जाते. त्या सूटच्या कापडाला मात्र उंचवट्यांचा तसा काहीच फायदा मिळत नाही. शिवाय शार्कचं अंग पोहताना सतत वळतं, दंतिकांचं काम त्या वळण्यावर चालतं. माणसाचं धड तसं वळतच नाही. म्हणजे ज्या गोष्टीची सगळ्यात जास्त जाहिरात झाली, तिच्यात सगळ्यात कमी दम होता.

मग 2008 मध्ये काय बदललं? त्या वर्षी स्पीडोनं एलझेडआर रेसर आणला. त्याचं कापड अमेरिकेत नासाच्या लँगली केंद्रात, हवेच्या बोगद्यात तपासलेलं. शिवण नाही, कडा ध्वनिलहरींनी जोडलेल्या, आणि छाती, पोट, मांड्यांवर पॉलियुरेथेनचे तुकडे. त्या ऑगस्टमध्ये बीजिंगच्या ‘वॉटर क्यूब’मध्ये 25 विश्वविक्रम मोडले, त्यातले 23 याच सूटमध्ये.

कारण समजायचं तर पाण्यातच उतरायला हवं. उतरा. पहिले 50 मीटर बरे जातात. दीडशेच्या पुढं दम तुटायला लागतो, कंबर खाली जाते आणि पाय तिच्या मागोमाग. मागे जास्त भार घेतलेल्या होडीसारखे तुम्ही तिरके होता आणि पाणी छातीवर आदळू लागतं. पाण्यात अवरोध तीन तऱ्हांनी होतो. एक कातडीशी होणाऱ्या घर्षणाचा, दुसरा आपण उठवलेल्या लाटांचा आणि तिसरा अंगाच्या आकाराचा. पहिल्याची चर्चा फार झाली, पण या वेगात बाकीचे दोनच जास्त छळतात. पॉलियुरेथेन नेमकं तिथं कामाला येतं. त्यात पाणी मुरत नाही, आत थोडी हवा अडकते, अंग जरा वर तरंगतं. घट्ट आवळलेलं धड दमल्यावरही सरळ राहतं. पोटाचे आणि पाठीचे स्नायू वर्षानुवर्षं घासून जे शिकतात, ते सूट परस्पर करून देतो. पोशाखानं इथं शरीराचंच काम उचललं, आणि माझा आक्षेप तिथं आहे.

आता रोममध्ये परत या, 200 मीटर फ्रीस्टाइलची अंतिम फेरी आहे. मायकेल फेल्प्सच्या अंगावर एलझेडआर, जो दीड वर्षातच मागे पडलाय. जर्मनीच्या हाले शहरातल्या 22 वर्षांच्या पॉल बीडरमनच्या अंगावर अरेना कंपनीचा एक्स-ग्लाइड, सगळाच्या सगळा पॉलियुरेथेनचा. बीजिंगमध्ये याच शर्यतीत बीडरमन पाचवा आला होता, वेळ 1 मिनिट 46.00 सेकंद. आज तो भिंतीला हात लावतो आणि फलकावर 1:42.00 उमटतं. वर्षभरात चार सेकंद! फेल्प्स 1:43.22. त्या वेगात हे अंतर दोन मीटरांहून जास्त भरतं, म्हणजे फेल्प्सच्या उंचीपेक्षाही अधिक.

बीडरमनला मात्र दोष देऊ नका. रविवारी त्यानं 400 मीटरमध्ये इयन थॉर्पचा विक्रम एका शतांश सेकंदानं मोडला होता, आणि सूटमुळे दोनेक सेकंदांचा फरक पडतो हे त्यानं स्वतःच कबूल केलं. फेल्प्सला या सूटशिवाय हरवायचं आहे, असंही तो म्हणाला. एवढा सरळपणा त्या आठवड्यात कुठल्याही कंपनीनं दाखवला नाही.

शनिवारपर्यंत थांबा, कारण सूटच सगळं करतो असं म्हणणाऱ्यांनाही उत्तर मिळायला हवं. 100 मीटर बटरफ्लायमध्ये सर्बियाचा मिलोराद चाविच एक्स-ग्लाइड घालून उतरतो, फेल्प्स त्याच जुन्या एलझेडआरमध्ये. फेल्प्स जिंकतो, 49.82. चाविच 49.95. चांगला सूट साऱ्यांना सारखा फायदा देत नाही. ज्याचं अंग पाण्यात आधीच सरळ राहतं त्याला थोडा, ज्याची कंबर बुडते त्याला भरपूर. म्हणून तर शर्यत नेमकी कशाची लागलीय, हेच कळेनासं झालं.

स्पर्धेच्या त्या आठ दिवसांत 43 विश्वविक्रम मोडले. पोहणं सुरू होण्याआधीच, 24 जुलैला, याच शहरात ‘फिना’ या जलतरणाच्या जागतिक संघटनेच्या सदस्यांनी 168 विरुद्ध 6 मतांनी हे सूट बंद करायचं ठरवलं होतं. 1 जानेवारी 2010 पासून पुरुषांना कमरेपासून गुडघ्यापर्यंत, स्त्रियांना खांद्यापासून गुडघ्यापर्यंत, आणि तेही कापडच. निर्णय योग्य होता, फक्त दोन वर्षं उशिरा झाला. त्या काळातले विक्रम यादीत खुणेशिवाय तसेच राहू दिले, हे मला आजही खटकतं. त्यांची किंमत पुढच्या मुलांनी मोजली. ऑलिंपिकच्या लांबीच्या तलावात 2010 चं अख्खं वर्ष एकही विश्वविक्रम झाला नाही.

ऑगस्ट 2022 मध्ये याच रोमच्या तलावाकाठी क्षणभर उभे राहा. रोमानियाचा 17 वर्षांचा डेव्हिड पोपोविची गुडघ्यापर्यंतच्या कापडी कॉश्च्यूममध्ये 100 मीटर फ्रीस्टाइल 46.86 सेकंदांत पोहतो आणि 2009 पासून टिकलेला सेझार सिएलोचा 46.91 मोडतो. दोनच दिवसांनी 200 मीटरमध्ये त्याची वेळ 1:42.97, जवळजवळ तेवढीच, जी फेल्प्सनं बीजिंगमध्ये एलझेडआरमध्ये दिली होती. कापडातल्या माणसाला तिथं पोचायला चौदा वर्षं लागली.

पण शेवटचा मुक्काम मला तुम्हाला अकरा वर्षं मागे घडवायचाय. जुलै 2011, शांघाय. फिनाची जागतिक स्पर्धा, 200 मीटर फ्रीस्टाइल, सगळे कापडात. रायन लॉक्टी 1:44.44. फेल्प्स 1:44.79. तिसरा बीडरमन, 1:44.88. स्वतःच्याच विक्रमापेक्षा 2.88 सेकंद मागे, पण फेल्प्सपासून फक्त नऊ शतांश. याच स्पर्धेत 400 मीटरचं कांस्यही त्याच्याच गळ्यात पडलं. रोममधल्या सोन्यापेक्षा मला ही दोन कांस्यपदकं मोठी वाटतात.