कारागिरांची राष्ट्रसेवा आणि कोरकूंची वनसेवा

दुसऱ्या महायुद्धात हिंदी माणसावर सैन्यभरतीची सक्ती झाली नाही. झाली ती जोडारी, कातारी अशा कुशल कारागिरांवर, आणि तीही कारखान्यात जाण्याची. १९४० च्या जूनमधील तांत्रिक कर्मचाऱ्यांविषयीच्या राष्ट्रसेवा वटहुकुमान्वये न्यायाधिकरणे नेमण्यात आली. युद्धोपयोगी कारखान्याने मागणी करावी आणि न्यायाधिकरणाने कारागिरास चालू नोकरीतून तेथे धाडावे, वेतनाच्या अटीही त्यानेच ठरवाव्यात, अशी ही व्यवस्था होती. परवानगीवाचून ते काम सोडता येत नसे. मात्र जुन्या मालकाकडे पुन्हा रुजू होण्याचा हक्क वटहुकुमानेच राखला होता.

हा हक्क क्षुल्लक नव्हे. सिपनाकाठचे सेमाडोह ज्या मेळघाटात वसले आहे, तेथील वनग्रामांतील कोरकूंना जमीन कसू देण्याच्या मोबदल्यात जंगलखात्याच्या कामावर जावे लागे. त्यांच्यासाठी ना न्यायाधिकरण होते, ना परतीचा हक्क. जोडारी दुर्मिळ होता, म्हणूनच त्याच्यावरील सक्तीला कायद्याची चौकट लाभली, असे म्हणणे भाग आहे. १९४५ मध्ये सैन्यातून मोकळ्या झालेल्यांसाठी सेवायोजन कार्यालयांचा विस्तार झाला. वनग्रामांचे महसुली गावांत रूपांतर होण्याचा हक्क नोंदला गेला तो २००६ च्या वनहक्क कायद्यात.