कूटप्रश्नांची तालीम

दिल्लीचे सरोजिनी नगर ही मूळची सरकारी नोकरांची वसाहत. परीक्षेवाचून नोकरी नाही, हे तेथे मुलांनाही ठाऊक. आता संगणकाच्या आज्ञावली लिहिण्याची नोकरी हवी असलेला तरुण मुलाखतीपूर्वी कूटप्रश्न घोटीत बसतो. हा प्रकार मुळीच नवा नव्हे. एकोणिसाव्या शतकात केंब्रिजची ट्रायपॉस ही गणितपरीक्षा अशाच तालमीवर चाले. घड्याळाशी शर्यत लावून प्रश्न सोडविण्यास शिकविणारे खाजगी शिक्षक तेथे असत. पहिला येई तो सीनिअर रँग्लर. १८५४ साली हा मान एडवर्ड राऊथने मिळविला. दुसरा कोण, तर जेम्स क्लार्क मॅक्सवेल! पुढे राऊथ परीक्षार्थी घडविणारा नामांकित गुरू झाला. विद्युच्चुंबकत्वाचा सिद्धांत मात्र मॅक्सवेलने दिला. म्हणून तालीम व्यर्थ ठरत नाही. ओळखीचे साधन अनोळखी प्रश्नास चटकन लावण्याची सवय तिने अंगी बाणते, आणि मुलाखत घेणाऱ्यास तेवढेच तासाभरात पारखता येते. महिनोन्‌महिने चालणाऱ्या कामाची चिकाटी तीत दिसत नाही. १८९८ साली चौथा आलेला हार्डी त्या परीक्षेचा कडवा टीकाकार बनला. १९०९ नंतर गुणानुक्रम जाहीर करणे बंद झाले. दापोलीजवळच्या मुर्डीचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९ साली बर्टविसलच्या बरोबरीने पहिले आले होते. १९०२ पासून ते पुण्यास फर्ग्युसन महाविद्यालयाचा कारभार पाहत होते. त्या कामाचा प्रश्न कोणत्याच प्रश्नपत्रिकेत आलेला नव्हता.